आसवांखालचा हिशेब
(‘श्यामची आई’च्या स्वस्त आवृत्तीसाठी प्रस्तावना)

‘श्यामची आई’ न वाचताही वाचल्यासारखे वाटते. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनालाही जप असे सांगणारी आई, पत्रावळ लावायचा कंटाळा करणारा मुलगा, तोडलेल्या मुक्या कळ्या, पोहायला भिणाऱ्या श्यामच्या पाठीवर बसलेली शिपटी. एवढे प्रसंग मराठी घरांत हवेतच असतात. मुंजीत, वाढदिवसाला, शाळेच्या बक्षीस समारंभात हे पुस्तक हातात पडते आणि पुष्कळदा तसेच कपाटात जाते, कारण त्यात काय आहे हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते. त्यात ‘संस्कार’ आहेत आणि रडू आहे. हे दोन शब्द उच्चारले की पुस्तकाबद्दल बोलण्यासारखे काही उरत नाही अशी आपली समजूत झाली आहे. या प्रस्तावनेचे म्हणणे वेगळे आहे. संस्कार आणि रडू या दोन्हींच्या खाली या पुस्तकात एक हिशेब चालू असतो. ‘श्यामची आई’ ही कर्जात बुडत जाणाऱ्या एका कोकणी घराची कादंबरी आहे. ती तशी वाचली, तर आईच्या शिकवणुकीला जे वजन येते ते नुसत्या सुविचारांना कधीच येत नाही.

आधी पुस्तकाच्या जन्माविषयी थोडेसे. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातल्या पालगडचा. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे शिक्षकी करून ते कायदेभंगाच्या चळवळीत उतरले आणि पुढची काही वर्षे तुरुंगाच्या आतबाहेर गेली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनी लिहून घेतली. ‘श्यामची आई’ लिहिली ती पुढल्या वर्षी, नाशिकच्या तुरुंगात. ९ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री सुरुवात आणि १३ फेब्रुवारीच्या सकाळी समाप्ती. दिवसभराचे काम उरकल्यावर मिळालेल्या वेळात, पाच दिवसांच्या आत हे हस्तलिखित तयार झाले. पुस्तक निघाले १९३५ मध्ये. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, रोज रात्री एक, अशी रचना. छापील पुस्तकात अशा बेचाळीस रात्री आहेत. श्याम म्हणजे साने गुरुजीच हे सगळे जाणतात, तरी त्यांनी स्वतःला ‘मी’ म्हणून पुढे न करता एक सांगणारा आणि त्याच्याभोवती बसलेले ऐकणारे उभे केले. म्हणून याला आत्मचरित्र न म्हणता कादंबरी म्हणणेच रास्त. सांगणारा काय निवडतो, कशानंतर काय सांगतो, कुठे थांबतो, हे सगळे इथे अर्थाचा भाग होते.

आणि निवडीचा हा क्रमच माझ्या म्हणण्याचा पहिला पुरावा आहे. बेचाळीस रात्रींची नुसती शीर्षके एका दमात वाचून पाहावीत. सुरुवातीला ‘सावित्री-व्रत’, ‘अक्काचे लग्न’, ‘मुकी फुले’. भरल्या घराची, व्रतवैकल्यांची, लग्नकार्याची ही नावे. मग मध्येच ‘पर्णकुटी’ येते. आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात सूर साफ पालटतो: ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, ‘गरिबांचे मनोरथ’, ‘तेल आहे, तर मीठ नाही’, ‘अब्रूचे धिंडवडे’, आणि त्याला लागूनच ‘आईचा शेवटचा आजार’. चार दिवसांच्या घाईत लिहिणाऱ्या माणसाने आराखडा आखून हे केले असेल असा दावा मी करणार नाही. पण ज्याने हे घर आतून पाहिले त्याच्या आठवणीतच ही उतरण होती, आणि लेखणी तिच्या मागे गेली. खोताचे घराणे, एकत्र कुटुंब, मग भाऊबंदकी आणि वाटण्या, वाटणीला आलेले कर्ज, त्यावर चढत जाणारे व्याज, वसुलीचे तगादे, फिर्याद, जप्ती, दवंडी. एखाद्या सावकारी वहीतली पाने उलटावीत तशा या पायऱ्या एकामागून एक येतात. मुलांच्या नीतिपाठांची पुस्तके अशी रचली जात नाहीत. त्यांत पहिला धडा शेवटी आणि शेवटचा आधी ठेवला तरी काही बिघडत नाही. इथे मात्र ‘पत्रावळ’ आणि ‘अब्रूचे धिंडवडे’ यांची अदलाबदल करून पाहा, पुस्तक मोडून पडेल.

सगळ्या कादंबरीचा कणा म्हणावा असा प्रसंग कर्जाच्या रात्रीत आहे, आणि तो फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. आई वडिलांना सुचवते की थोडी जमीन विकावी आणि कर्जातून मोकळे व्हावे. जमीन गेली तरी चालेल, डोक्यावरचे ओझे उतरेल. वडिलांना ते रुचत नाही. पूर्वजांची जमीन विकणे म्हणजे घराण्याला बट्टा, आणि बायकांना या व्यवहारातले काय कळते, हा त्यांचा पवित्रा. पुढे काय होते ते वाचकाला दिसतेच: जी जमीन आपण होऊन विकली असती तर चार पैसे मागे राहिले असते, ती व्याजाने गिळली जाते आणि वर अब्रूही जाते. साने गुरुजी वडिलांना खलनायक करत नाहीत. वडील प्रेमळ आहेत, पत्नीने मीठ विसरलेली भाजी एक शब्द न बोलता खाणारे आहेत. पण हिशेब त्यांचा चुकला आणि आईचा बरोबर होता, हे पुस्तक लपवत नाही. जिला व्यवहारातले कळत नाही असे धरले गेले, तिलाच व्याजाचे गणित कळले होते. कळूनही तिचा काही उपयोग नव्हता, कारण निर्णयावर तिची सही लागत नव्हती.

हा मुद्दा त्या काळच्या कायद्याच्या संदर्भात ठेवला की आणखी धारदार होतो. घर, शेत, बाग यांपैकी कशावरही अशा स्त्रीचा हक्क नव्हता. हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत मर्यादित का होईना वाटा देणारा, डॉ. गो. वि. देशमुखांच्या प्रयत्नातून झालेला कायदा आला १९३७ साली. पुस्तक छापून झाल्यानंतर दोन वर्षांनी, आणि जिच्यावरून ही आई रेखाटली त्या यशोदाबाई वारल्यावर वीस वर्षांनी. सधवेच्या हाती स्वतःचे म्हणावे असे फक्त स्त्रीधन, म्हणजे अंगावरचे सोने. म्हणून ‘पर्णकुटी’त ही आई हातातल्या सोन्याचा मोह सोडून स्वतःचे छप्पर उभारायला लावते, तेव्हा त्या कृतीकडे केवळ त्याग म्हणून पाहणे अपुरे आहे. तिच्याजवळ असलेले एकुलते एक भांडवल ती गुंतवत असते. दुसऱ्याच्या आश्रयाला राहून टोमणे ऐकण्यापेक्षा मातीच्या भिंतींची झोपडी परवडली, असा तो सरळ हिशेब आहे. आपण ‘त्याग’ म्हणून हात जोडतो आणि तिची अक्कल मोजायची राहून जाते.

एकदा हा धागा हाती आला की ओळखीचे प्रसंगही निराळे दिसू लागतात. ‘आनंदाची दिवाळी’मध्ये भाऊबीजेच्या पैशांतून आई स्वतःला काही न घेता नवऱ्याच्या फाटक्या धोतराची सोय करते. ‘बंधुप्रेमाची शिकवण’मध्ये दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवतो आणि पावसापाण्यातून पालगडची वाट तुडवत घरी येतो. ‘स्वाभिमान-रक्षण’मध्ये श्यामला मिळालेली दक्षिणा आईला खटकते, कारण आपण गृहस्थ, दक्षिणा द्यायची, घ्यायची नाही. घर रिकामे होत चालले असताना ही बाई ते द्यायच्या बाजूला ठेवू पाहते, यातला पीळ लक्षात घ्यावा. पत्रावळीचेही तेच. पत्रावळ लावता येणे हा कोकणातल्या घरात गुण कमी आणि गरज जास्त. पाने गोळा करायची, चोयांनी टाचायची, आणि ज्याला येत नाही त्याने स्वतःच्या हातच्या वेड्याविद्र्या पत्रावळीवर जेवायचे. या पुस्तकात प्रेम हवेतून येत नाही. ते धोतर, कोट, पान, मीठ अशा मोजता येणाऱ्या वस्तूंतून येते, आणि प्रत्येक वस्तूमागे ती कशी मिळवली याची एक छोटी गोष्ट असते. तुटपुंज्या घरात माया करायची तर काटकसरीचे शास्त्र यावे लागते. या आईला ते येते, आणि तिचे ‘संस्कार’ म्हणजे पुष्कळ अंशी तेच शास्त्र मुलाच्या हाती देणे आहे.

आता या आवृत्तीच्या किमतीकडे वळतो, कारण स्वस्ताई हा इथे निव्वळ प्रकाशकाचा प्रश्न नाही. पुस्तकातच एक रात्र आहे, ‘मोठा होण्यासाठी चोरी’. श्यामला पुस्तक हवे असते, जवळ पैसे नसतात, आणि घरी आलेल्या पाहुण्याच्या पैशांना तो हात लावतो. शिकून मोठे व्हायचे तर पुस्तके हवीत, पुस्तकांना पैसे हवेत, पैसे तर नाहीत: मुलाच्या तर्कात खोट काढणे अवघड आहे, म्हणूनच आईचे काम अवघड होते. ज्या कादंबरीत मुलगा पुस्तकापायी चोर ठरतो, ती कादंबरी कापडी बांधणीत, गुळगुळीत कागदावर, मूठभरांना परवडेल अशी विकणे हा विनोदच म्हणायचा. सुदैवाने मराठीत तसे झाले नाही. पुणे विद्यार्थी गृहासारख्या संस्थेने वर्षानुवर्षे हे पुस्तक साध्या रूपात आणि बेताच्या किमतीत वाचकांपर्यंत पोचवले. त्या संस्थेचे आधीचे नाव अनाथ विद्यार्थी गृह, हे लक्षात घेतले तर या पुस्तकाला तिच्यापेक्षा योग्य घर मिळाले नसते असे वाटते. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० चे. लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हा जुना नियम असता तर पुस्तक २००० साल सरताच सर्वांना खुले झाले असते. पण १९९२ मध्ये ती मुदत साठ वर्षांची झाली. निमित्त होते रवींद्रनाथांच्या पुस्तकांचे हक्क संपण्याचे. त्यामुळे ‘श्यामची आई’ मोकळी झाली ती १ जानेवारी २०११ पासून. त्यानंतर अनेकांनी ती छापली, आणि स्पर्धेने किंमत खालीच राहिली.

यावर एक आक्षेप येतो आणि तो फेटाळता येण्यासारखा नाही. स्वस्त म्हणजे बेफिकीर, असे समीकरण मराठी प्रकाशनात पुष्कळदा खरे ठरते. मुद्रिते न तपासता छापलेले मजकूर, गळलेले अनुस्वार, पारदर्शक कागद, दुसऱ्या वाचनात सुटणारी पाने. हक्कमुक्त पुस्तकाचा कुणी धनी नसतो, त्यामुळे त्याच्या चुकांचाही कुणी धनी नसतो. माझे उत्तर एवढेच की किंमत कागदात, बांधणीत, चित्रांत वाचवावी, मजकुरात वाचवू नये. त्याहून मोठा धोका चुकांचा नाही, कात्रीचा आहे. ‘मुलांसाठी निवडक’ म्हणून जेव्हा या पुस्तकातल्या दहाबारा रात्री वेचल्या जातात, तेव्हा सहज उचलल्या जाणाऱ्या रात्री कोणत्या? ज्या सुट्या सांगता येतात, ज्यांच्या शेवटी बोध काढता येतो. कर्ज, तगादा, दवंडी सुटी सांगता येत नाही, त्यांना मागचापुढचा संदर्भ लागतो, आणि मुलांना कशाला ते दुःख, असा मायाळू विचारही असतो. अशा निवडीतून हिशेब नेमका वगळला जातो आणि उरते ती कुठल्याही काळात, कुठल्याही घरात न राहणारी, फक्त चांगले बोलणारी आई. या आवृत्तीत सगळ्या रात्री जशाच्या तशा घेतल्या आहेत. पाने वाढली, म्हणून अक्षराचा आकार किंचित लहान ठेवावा लागला. दोहोंत निवड करायची तर मी हीच केली असती.

रडण्याविषयीचा आक्षेप जुना आहे. हे पुस्तक डोळ्यांतून पाणी काढण्यासाठीच लिहिले, सांगणारा रडतो, ऐकणारे रडतात, वाचणाऱ्यानेही रडावे अशी अपेक्षा, असे टीकाकारांनी म्हटले आहे. त्यात तथ्य आहे. चौकटीतला श्याम भावविवश होतो, प्रवचन देऊ लागतो, कधी कधी एक सुंदर प्रसंग संपल्यावर त्याचा अर्थ दोन परिच्छेद समजावत बसतो. तेवढे परिच्छेद नसते तरी चालले असते. पण रडतो तो श्याम, मोठा झालेला, आई गेलेला, तुरुंगात बसलेल्या लेखकाच्या तोंडून बोलणारा. आई स्वतः किती वेळा विरघळते? पोहायला न जाणाऱ्या मुलाला ती फोकाने झोडते, कारण गावात त्याला भित्रा म्हटलेले तिला चालत नाही. वसुलीला आलेला माणूस तोंड सोडतो तेव्हा ती आतून बाहेर येऊन त्याला सुनावते. पत्रावळीच्या बाबतीत ती मुलाला समजावत बसत नाही, त्याची वाईट पत्रावळ त्याच्याच पुढ्यात टाकते. आईचे वागणे कोरडे, नेमके आणि झटपट आहे. ओलावा आहे तो आठवणीत. हे दोन थर वेगळे करून वाचले की भावविवशतेची तक्रार निम्मी गळून पडते. दोन्ही थर एक करून टाकले ते आपण, आणि त्यात आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाचाही वाटा असावा. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम यांनी या पुस्तकाला जो चेहरा दिला तो मराठी मनावरून पुसणे अशक्य. १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले. तो थोर चित्रपट आहे. पण त्याची आठवण पुस्तकाच्या जागी बसली की चेहरा उरतो आणि वहीखाते मागे पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आजचा आहे. बाईने सोसावे, उपाशी राहून वाढावे, नवऱ्यापुढे नमते घ्यावे, याचा हा आरसा नसून आरती आहे. मुलींच्या हाती हे पुस्तक का द्यावे? पुस्तकाचे नावसुद्धा तिला मुलाच्या नावाने ओळखते. हे खरेच आहे, आणि सांगणाऱ्याच्या तोंडी पातिव्रत्याचा गौरव करणारी वाक्ये आहेत हेही खरे. पण पुस्तक काय म्हणते आणि पुस्तक काय दाखवते, यांत फरक करायला मुलांनाही शिकवता येते. ते दाखवते असे: शहाण्या बाईचा सल्ला डावलला गेला, आणि त्याची किंमत सगळ्यांत जास्त तिने मोजली. दवंडीनंतर ती खचते, अंथरूण धरते आणि उठत नाही. सोसण्याचे फळ गोड निघाले असते, शेवटी कर्ज फिटले असते, मुलाने मोठे होऊन घर सावरले असते, तर ती खरोखर आरती झाली असती. साने गुरुजींनी असला दिलासा दिलेला नाही. श्याम पोचतो तेव्हा आई गेलेली असते. सोशिकपणाने घर वाचत नाही, हे इतक्या रोकड्या रीतीने सांगणारे दुसरे लोकप्रिय मराठी पुस्तक मला आठवत नाही.

जातीचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. ‘देवाला सारी प्रिय’मध्ये एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी पडते, तिला ती उचलू लागायला आई श्यामला पाठवते. नंतर श्यामला आंघोळही करावी लागते. मदत करायची आणि शिवूनही घ्यायचे नाही, अशी ही कसरत आहे, आणि आजच्या वाचकाला ती टोचली पाहिजे. आईच्या काळात तिने उचललेले पाऊल मोठे होते असे म्हणून मी ते झाकणार नाही. पण लेखक तिथे थांबला नव्हता हे नोंदवावे लागेल: १ मे १९४७ पासून साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, आणि ते दार उघडले. खोतीच्या बाबतीत पुस्तकाची बाजू अधिक लंगडी आहे. श्यामचे घराणे खोतांचे. कोकणातल्या कुळांच्या दृष्टीने खोत म्हणजे काय होते, हे समजायचे तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलेले खोती निर्मूलनाचे विधेयक पाहावे. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडले. ज्या घरात तेल आहे तर मीठ नाही, त्याच्या शेतात राबणाऱ्या घरांत यातले काय होते? कादंबरी या प्रश्नाच्या फार खोलात जात नाही. तिचा हिशेब एका घराचा आहे. मराठीत शेतकऱ्याच्या कर्जाचा हिशेब जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडला होता, आणि तो पार दुसऱ्या टोकावरून. ही दोन पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचणारा विद्यार्थी कुठल्याही एकातून मिळणार नाही ते मिळवेल. पुढे खुद्द साने गुरुजीही खानदेशातल्या शेतकरी-कामगारांच्या लढ्यांत उतरले. ज्याने घरी जप्ती पाहिली त्याला साराबंदीचा आणि कर्जमाफीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नसावा.

राहता राहिला आजच्या मुलांना हे कळेल का, हा प्रश्न. पडवी, माजघर, न्हाणी, चोय हे शब्द त्यांना ठाऊक नसतील, पण परक्या समुद्रावरच्या चाच्यांची पुस्तके वाचताना शिडांची आणि डोलकाठ्यांची नावे तरी कुठे ठाऊक असतात? गोष्ट पकड घेते तेव्हा शब्द मागून येतात. आणि विषय तर जराही परका नाही. हप्ते थकलेले घर, दारात आलेला वसुलीचा माणूस, मुलांसमोर हळू आवाजात चाललेले आईबापांचे भांडण, शाळेच्या फीची जुळवाजुळव, हे ज्यांच्या घरात चालू आहे त्या मुलांची महाराष्ट्रात वानवा नाही. त्यांच्यासाठी बालसाहित्यात फारशी जागा नसते. तिथे बहुधा घरे खाऊनपिऊन सुखी असतात आणि संकटे साहसाची असतात. घरातली तंगी ही लाजिरवाणी गोष्ट समजून दडवली जाते. श्याम ती दडवत नाही. आश्रमातल्या सोबत्यांसमोर, रोज रात्री, आपले घर कसे बुडाले ते तो सांगतो, आणि आपण केलेली चोरीही सांगतो. ‘अब्रू’ हा शब्द या पुस्तकात वारंवार येतो. ती जाऊ नये म्हणून सगळे धडपडतात, आणि शेवटी ती गेल्याची हकीकत सांगायला मुलाला लाज वाटत नाही.

वाचायचे कसे, याबद्दल एक सूचना, ऐच्छिक. पुस्तक रात्रींमध्ये विभागले आहे ते उगाच नाही. एका बैठकीत संपवण्यापेक्षा रोज एक रात्र, शक्यतो मोठ्याने, घरातल्या दोघातिघांत वाचली तर श्यामच्या लांबलेल्या बोधाचाही त्रास होत नाही, कारण बोलण्यात तो खपून जातो. ज्यांना लहानपणी हे पुस्तक गळ्यात पडले आणि पुन्हा उघडावेसे वाटले नाही, अशा मोठ्या वाचकांनी मात्र क्रम मोडायला हरकत नाही. त्यांनी थेट कर्जाच्या रात्रीपासून दवंडीपर्यंत वाचावे, आणि मग मागे येऊन पत्रावळ उघडावी. पानावर तोच मुलगा असेल, तीच वाईट लागलेली पत्रावळ. फक्त ती वाढणाऱ्या बाईला घरात पाने किती आणि ताटे किती उरली आहेत हे माहीत आहे, हे या वेळी त्यांनाही माहीत असेल.